आपली गाडी सुरक्षित आहे

खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याची गाडी चोरीला गेली, आणि चोर शोधायला पोलीस निघायच्या आत वरच्या मजल्यावरचा तपासनीस अलार्म शोधायला निघाला. खरं म्हणजे त्यात चोराची कर्तबगारी काहीच नव्हती. दंतवैद्य गाडी चालू ठेवून दूध घ्यायला उतरला होता. तो परत आला तेव्हा हातात दूध होतं आणि समोर रिकामा रस्ता.

"अहो, त्यांनी किल्ली आत ठेवली होती," तपासनिसाची बायको म्हणाली. "आपण थोडीच ठेवतो?"

"आज नाही ठेवत. उद्याचं कोणी सांगितलंय?"

बावीस वर्षं हा माणूस कारखान्यात लिफ्टचे ब्रेक तपासत होता आणि त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला समजावणं, हे बायकोला संसाराच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ब्रेक तपासणाऱ्यांचा एक नियम असतो. शंका आली की आधी अडकवायचं, विचार मग करायचा. लिफ्ट मध्येच अडकली तर आतली माणसं अर्धा तास शिव्या देतात. पडली तर शिव्या द्यायला कोणी उरत नाही. हे तो नव्या कामगारांना ऐकवायचा, पाहुण्यांना ऐकवायचा, आणि एकदा तर दाढ काढून घेताना तोंडात कापूस असतानाही त्याने ते दंतवैद्याला ऐकवलं होतं.

गंमत अशी की गाडी त्याची नव्हतीच. गाडी बाबांची, चौदा वर्षं जुनी, राखाडी रंगाची. हा रोज कारखान्याच्या बसने जायचा. गाडी बाबा चालवायचे. बाजारात, बँकेत, दवाखान्यात आणि दर शनिवारी आईला तिच्या बहिणीकडे न्यायला. थोडक्यात, गाडी बाबांची, फिरायची आई आणि काळजी करायचा हा.

पहिला अलार्म फारच हळवा निघाला. गाडीवर कबूतर बसलं की ओरडायचा, मुलांचा चेंडू शेजारून गेला की ओरडायचा, कोणी जिन्याचं दार जोरात लावलं तरी ओरडायचा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो कोकलायला लागला तेव्हा आई पिशवी घेऊन गाडीपासून चार हात लांब उभी होती.

"अरे, मी नुसतं बघितलं रे तिच्याकडे!" ती वर बघून म्हणाली.

तो काढून दुसरा बसवला. हा अगदी उलट, शांत म्हणजे किती शांत असावा! तपासनिसाने रविवारी सकाळी स्वतःचीच गाडी चोरायची रीतसर चाचणी घेतली. आधी बॉनेटवर थाप मारली. मग गाडी गदागदा हलवली. मग खिडकीच्या फटीतून तार घालून खटपट सुरू केली. अलार्म ढिम्म. वॉचमन मात्र धावत आला आणि म्हणाला, "किल्ली आत राहिली का साहेब? सरका." त्याने एक पोलादी पट्टी काचेतून आत सरकवली आणि अर्ध्या मिनिटात दार उघडून दिलं. त्या दिवसापासून तपासनिसाचा अलार्मवरचा विश्वास उडालाच, वॉचमनवरचाही उडाला.

तिसऱ्या दुकानात त्याला त्याच्या मनासारखं यंत्र भेटलं. तिथला फिटर कानावर स्क्रूड्रायव्हर खोचलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस होता.

"गाडी कुठे आहे ते तुम्हाला फोनवर दिसणार," तो म्हणाला. "शिवाय हे यंत्र आठवडाभर गप्प बसून शिकतं. चालवणारा क्लच कसा सोडतो, ब्रेक कसा दाबतो, सगळं. आठव्या दिवसापासून दुसरं कोणी बसलं की तुम्हाला मेसेज. तुम्ही बटण दाबायचं. गाडी जरा हळू झाली की इंजिन बंद आणि सायरन चालू."

"आणि समजा चोराने मला गाठलं? मानेवर सुरी ठेवून बटण परत दाबायला लावलं, तर?"

फिटरने त्याच्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

"त्याचीही सोय आहे, पण ती कोणी घेत नाही. एकदा बंद केली की अर्धा तास उघडायचीच नाही. तुम्हाला नाही, मला नाही, कोणालाच नाही."

"तीच द्या," तपासनीस म्हणाला. त्याला अगदी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"घरात गाडी कोण कोण चालवतं? जेवढे असतील तेवढ्यांचा हात शिकवावा लागतो."

"एकटे वडील."

"नक्की ना? घरी एकदा विचारून घ्या."

"त्यात विचारायचं काय? मी चालवत नाही, बायकोला आवड नाही. राहिली आई." आणि तपासनीस चक्क हसला. "आई शिलाई मशीन चालवते."

फिटरही हसला. त्या हसण्याची तपासनिसाला नंतर इतकी लाज वाटली की ते दुकान ज्या रस्त्यावर होतं, तो रस्ताच त्याने टाळायला सुरुवात केली.

घरी त्याने एवढंच सांगितलं की नवा अलार्म बसवलाय. फोनवर गाडीची जागा दाखवणाऱ्या ठिपक्याचं, हात ओळखण्याचं त्याने कोणालाच सांगितलं नाही. गुपित जितक्या कमी कानांवर पडेल तितकं पक्कं, हाही कारखान्यातलाच हिशेब. आठवडाभर यंत्र शिकत राहिलं. त्या आठवड्यात आई सर्दी-खोकल्याने अंथरुणावर होती आणि बाबा एकटेच औषधं, भाजी आणायला जात होते. यंत्राने बाबांचा हात पक्का पाठ केला.

आठवा दिवस बुधवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. तपासनीस एका ब्रेकखाली वाकलेला असताना खिशात फोन थरथरला. "अनोळखी हात. आपली गाडी नेहमीचा चालक चालवत नाही." पाठोपाठ दुसरा. "क्लच अपरिचित. वेग बारा."

त्याने लगेच बाबांना फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"मी? मी घरी."

"काय करताय?"

"पेपर वाचतोय."

"आणि गाडी?"

"गाडी कुठे जातेय? खाली आहे."

"आई?"

"आई ना... मशीनवर बसलीय."

मागे धडधड ऐकू येत होती खरी. लहानपणापासून त्या धडधडीत तो झोपला होता, अभ्यास केला होता. चाळीस वर्षं आईने त्या मशीनवर शिवणाचे वर्ग चालवले होते. त्याचा जीव थोडा भांड्यात पडला.

"हळू," बाबा म्हणाले.

"काय?"

"काही नाही. तुला नाही म्हटलं. ठेवतो मी."

आता सांगा, जो माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी चोरून बघतो, त्याने निदान हा फोन तरी तपासायला हवा होता की नाही? पण बाबांचं वय शहात्तर, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी खोटं बोललेलं कोणाला आठवत नव्हतं. बाबा घरी, आई घरी, आणि गाडी चौकाच्या दिशेने बारा वेगाने चाललेली. शंका आली की अडकवायचं. त्याने बटण दाबलं. फोनवर हिरवी खूण आली, "इंजिन बंद." बावीस वर्षांत कुठल्या ब्रेकने इतकं चोख काम केलं नव्हतं. समाधानाने त्याने बाबांना परत फोन लावला, म्हणजे खाली गाडी दिसली नाही तर ते घाबरायला नकोत.

"बाबा, ऐका..." तो म्हणाला आणि थांबला. "हा सायरन कसला?"

"टीव्ही!"

"केवढा मोठा आवाज?"

"चोरांचा सिनेमा लागलाय!" बाबा ओरडून म्हणाले.

तेवढ्यात त्या सिनेमातून आईचा आवाज आला, "अहो, बंद पडली! मी काही केलं नाही हो! मी कशालाच हात लावला नाही!"

तपासनिसाने घाईघाईने बटण परत दाबलं. फोनने नम्रपणे सांगितलं, "आपल्या सुरक्षिततेसाठी गाडी अर्धा तास बंद राहील." त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्याने खात्यातल्या दोन दांडग्या कामगारांना बरोबर घेतलं आणि टॅक्सी केली. वाटेत तो सारखा फोनकडे बघत होता. सत्तावीस मिनिटं. पंचवीस. एकवीस.

चौक चारी बाजूंनी तुंबला होता. मधोमध राखाडी गाडी, आणि गाडीतल्या यंत्रातून एका बाईचा खणखणीत आवाज, "ही गाडी चोरीला गेली आहे. कृपया पोलिसांना कळवा." मग सायरन. मग परत तेच. स्टिअरिंगमागे आई बसली होती, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर, जणू हात उचलला तर आणखी काही बिघडेल. शेजारी बाबा, मांडीवर फोन. मागच्या काचेवर लाल कापडात कापलेलं, कडेने सुबक शिवलेलं आणि इलॅस्टिकने अडकवलेलं एल हे अक्षर लोंबत होतं. आईचं शिवण तो कुठेही ओळखू शकला असता.

लोक मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. "म्हातारीने गाडी उडवली," एकजण दुसऱ्याला सांगत होता. "या वयात!"

वाहतूक पोलीस खिडकीत वाकला होता. "आजी, किल्ली कुठून मिळाली?"

"यांनी दिली."

"हे कोण?"

"नवरा आहेत माझे."

"आजोबा, आत्ता तर तुम्ही फोनवर घरी होतात. टीव्ही बघत होतात. मी ऐकलं ना!"

बाबांनी मांडीवरचा फोन उलटा करून ठेवला.

तपासनीस गर्दी ढकलत पुढे आला. "साहेब, ही माझी आई आहे."

"मग हे बंद करा."

"होत नाही."

"कधी होईल?"

"अजून एकोणीस मिनिटांनी."

"कोणी बसवलं असलं?"

शाळेत वर्गात हात वर करतात तसा तपासनिसाने हात वर केला.

आईने वळून बघितलं. तिचा चेहरा घामाने डबडबला होता. "अरे, तू? कामावरून आलास?" ती म्हणाली. मग हळूच, "माझ्याकडून काही मोडलं नाही ना रे?"

"नाही आई. मी बंद केली. फोनवरून."

"तू केलीस?"

"हो."

यंत्रातली बाई लोकांना पोलिसांना कळवायला सांगत होती. "बरं," आई म्हणाली.

शेवटी पोलिसाने गाडी ढकलून बाजूला घ्यायचं ठरवलं. दोन कामगार, पोलीस आणि तपासनीस मागून ढकलत होते आणि आई स्टिअरिंग फिरवत होती. इंजिन बंद, कानाशी सायरन, भोवती हसणारी माणसं. तरी तिने आधी आरशात बघितलं, मग खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली, आणि गाडी फुटपाथला अगदी सरळ रेषेत, वीतभर अंतर ठेवून लावली. पट्टी लावून घातलेल्या शिवणीसारखी सरळ.

"शाब्बास," बाबा म्हणाले. सायरनमध्ये ते फक्त तपासनिसाला ऐकू आलं.

घरी आल्यावर सगळं बाहेर पडलं. बाबांच्या उजव्या डोळ्याला समोरचं मधलं दिसेनासं झालं होतं. वर्ष संपायच्या आत गाडी सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जावं लागणार होतं. म्हणून आईने अडुसष्टाव्या वर्षी शिकाऊ परवाना काढला होता आणि तीन महिने गोदामांमागच्या मोकळ्या मैदानावर क्लच सोडायला शिकत होती. बाबांना समोरचं नीट दिसत नव्हतं ते ती सांगायची, तिला समजत नव्हतं ते बाबा सांगायचे, आणि दोघांचा मिळून एक धड ड्रायव्हर होत होता. सर्दीने आठवडा बुडाला होता, म्हणून आज घाईने पहिल्यांदाच चौकातून नेली होती. परीक्षा उद्या होती. सकाळी दहाला.

"पास झाली की सांगणार होतो," बाबा म्हणाले. "तुला थेट गाडीतून कारखान्यात सोडायचं ठरवलं होतं तिने."

"आधी का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तपासनिसाला उत्तर लगेच सुचलं. त्याने किल्ली काढून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा काढली. नऊ वाजता तो कपडे करून तयार होता. आई मशीनवर अस्तर जोडत बसली होती.

"आई, दहाला ना परीक्षा?"

"होती."

"चल ना. मी येतो बरोबर."

"नको रे. डावा पाय अजून थरथरतोय. क्लचचा."

"ते यंत्र मी काढून टाकतो. आजच."

"कशाला? चांगलं निघालं की. चोर बरोबर धरला त्याने." ती टोमणा मारत नव्हती, आणि तेच त्याला फार लागलं. टोमणा मारला असता तर त्याने भांडून, रडून, पाया पडून तिला नेलं असतं. बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "एकदा विचारायचं होतंत हो घरी." फिटरही हेच म्हणाला होता.

त्याने फिटरला घरी बोलावून सायरन काढायला लावला, अर्ध्या तासाचं कुलूप काढायला लावलं. "आणि यात माझ्या आईचा हात शिकवा," तो म्हणाला.

"शिकवतो की. त्यांना आठवडाभर चालवू दे फक्त," फिटर म्हणाला. तपासनिसाने त्याला चहा दिला.

ठिपका मात्र त्याने ठेवला. आई एखाद दिवशी मनावर घेईल, कोणाला न सांगता किल्ली उचलेल आणि ठिपका हलेल, अशी त्याला आशा होती. बाबांनी किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. दवाखान्यात बाबांना हा रजा काढून टॅक्सीने नेऊ लागला. शनिवारी बहिणीकडे जायचं आई हळूहळू विसरली. "तुझी सुट्टी कशाला मोडायची," म्हणायची. शिकाऊ परवान्याची मुदत संपली तेही त्यालाच आठवलं, तिने काही विषय काढला नाही. रोज संध्याकाळी सातला फोनवर मेसेज यायचा. "आज आपली गाडी कुठेही गेली नाही. आपली गाडी सुरक्षित आहे." दुसरा कोणी असता तर बरं वाटलं असतं. याला तो मेसेज वाचून जेवण जायचं नाही.

अशा पाच महिन्यांनंतर एका बुधवारी, पुन्हा सकाळी अकरा वाजता, खिशात फोन थरथरला. "आपली गाडी हलली आहे."

तपासनीस ब्रेकखालून इतक्या झटक्यात उठला की डोकं आपटलं. त्याने बाबांना फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"घरी."

"काय करताय?"

"पेपर वाचतोय."

मागे धडधड ऐकू येत होती. त्याने कान लावून ऐकली. "आई मशीनवर बसली असेल, नाही का?" त्याने विचारलं. त्याला हसू आवरेना.

"हो, मशीनवरच आहे."

"बरं बरं. वाचा तुम्ही. सावकाश वाचा! घाई नाही!" तो म्हणाला आणि त्या दोन दांडग्या कामगारांना त्याने कडकडून मिठी मारली. ते बिचारे ब्रेक निसटला की काय म्हणून घाबरले.

संध्याकाळी बसमधून तो दोन थांबे आधी उतरला आणि दुकानातून एक पाटी विकत घेतली. शिकाऊ चालकाची, चकचकीत, लाल एलची, चुंबकावर चिकटणारी. कापडाची बिचारी किती दिवस पुरणार! पाटी पिशवीत घालून, शीळ घालत तो फाटकातून आत आला.

गाडी जागेवर नव्हती. भिंतीला लागून सहा पावलं पलीकडे उभी होती, तिरकी. आईने अशी तिरकी लावली नसती.

"साहेब, सकाळी नळदुरुस्तीवाले आले होते," वॉचमन म्हणाला. "तुमच्या गाडीखाली झाकण होतं ना. किल्ली आणली वरून, पण चालूच होईना. बॅटरीत स्टार्टपुरताही जोर नाही. मग मी आणि दंतवैद्यसाहेबांनी ढकलली. उभ्या गाडीत ते तुमचं यंत्र तेवढं जागं असतं ना, त्यानेच खाल्ली असणार."

तो जिना चढून वर गेला. बाबा खिडकीशी भिंग धरून पेपर वाचत होते. आई मशीनवर बसली होती. बाबा खोटं बोलले तेव्हा त्याने ते खरं मानलं होतं, आणि आज ते अक्षरन् अक्षर खरं बोलले तर दिवसभर तो ते खोटं समजून नाचत होता.

"आलास?" बाबा म्हणाले. "फोनवर एवढा कशाने खूश होतास?"

"काही नाही. सहज."

आईने मान वर केली. "पिशवीत काय आहे रे?"

"कारखान्याचं काहीतरी," तो म्हणाला आणि पिशवी मागे घेतली.

पाटीचा लाल कोपरा पिशवीतून बाहेर आला होता. आईने तो बघितला. क्षणभर तिचा पाय पायपट्टीवर थांबला. मग तिने कापड सारखं केलं, डोळे खाली घातले आणि धडधड पुन्हा सुरू झाली.

सात वाजले. त्याच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढून बघितला नाही.